पहिला धडा अर्ज लिहिण्याचा

राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरा या गावच्या एखाद्या तरुणाला अटक झाली, तर त्याचा पुढचा रस्ता ठरलेला असतो. आधी पोलीस कोठडी, मग राहुरीचे न्यायालय आणि न्यायालयीन कोठडी मिळाली की दुय्यम कारागृह. गुन्हा गंभीर असेल आणि जामीन झाला नाही, तर नगरचे जिल्हा कारागृह, पुढे नाशिकरोड किंवा येरवडा. शिक्षा लागली आणि काही वर्षे वागणूक चांगली राहिली, तर खुल्या कारागृहात जाण्याची आशा. असे एक कारागृह याच जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरला आहे. ज्या दौंड-मनमाड लोहमार्गावर राहुरी स्टेशन आहे, त्याच मार्गावर.

या रस्त्यावर त्याला शिकवणारा पहिला माणूस कुठे भेटतो? बहुतेकांना मध्यवर्ती कारागृहात, तेही शिक्षा लागल्यानंतर. तोवर महिने, कधी वर्षे उलटलेली असतात. ज्या काळात माणूस सर्वांत घाबरलेला, सर्वांत रिकामा आणि म्हणूनच शिकायला सर्वांत मोकळा असतो, तो काळ भिंतीकडे बघत जातो. महाराष्ट्राच्या तुरुंगसुधारणेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. ती भरून काढायला नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. म्हणजे दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे कैदी. सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. शिक्षण पाहिले तर साधारण चौथा हिस्सा निरक्षर आणि सुमारे चाळीस टक्के दहावीच्या आत शाळा सोडलेले. शाळेने ज्यांना धरून ठेवले नाही, त्यांचीच गर्दी तुरुंगात आहे. तुरुंगात शिकवणे याचा अर्थ या माणसांना सुटलेली शाळा परत देणे, इतका सरळ आहे.

तुरुंगाचा कारभार कागदावर चालतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज. जामीन मिळाला पण जामीनदार नाही, तर अट शिथिल करण्यासाठी अर्ज. वडील आजारी असतील तर अर्ज. शिक्षा लागल्यावर संचित रजेसाठी अर्ज, अभिवचन रजेसाठी अर्ज, शिक्षेतल्या माफीसाठी अर्ज, एका तुरुंगातून दुसरीकडे बदलीसाठी अर्ज. ज्याला लिहिता येत नाही तो दुसऱ्या कैद्याकडे जातो. लिहू शकणाऱ्या कैद्याला, म्हणजे ‘रायटर’ला, बराकीत मान असतो तो उगाच नाही, इतरांच्या सुटकेचा रस्ता त्याच्या पेनातून जातो. ही मदत पुष्कळदा माणुसकीने होते, पण ज्याचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या अक्षरावर अवलंबून आहे, त्याला त्या मदतीची किंमत कधी ना कधी मोजावी लागते.

गेल्या काही वर्षांत कायद्याने कच्च्या कैद्यांसाठी अनेक दारे उघडली आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. जामीन मंजूर होऊनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात सुरुवातीला जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. ही दारे खरी आहेत. पण आपण किती दिवस आत आहोत, आपल्यावर कोणते कलम आहे, त्याला कमाल शिक्षा किती, हे ज्याला वाचता येत नाही, मोजता येत नाही, त्याला दार कुठे आहे हेच कळत नाही.

म्हणून तुरुंगातल्या वर्गात पहिला धडा अर्ज लिहिण्याचा हवा. विषय, महोदय, विनंती, तारीख, सही. आपल्या दोषारोपपत्रावरची कलमे स्वतः वाचणे. आपले दिवस स्वतः मोजणे. घरी पत्र लिहिणे. बाराखडीपासून सुरुवात करायची असली, तरी शिकणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी तिचा उपयोग दिसेल असा अभ्यासक्रम प्रौढ माणसाला बांधून ठेवतो. प्रौढ साक्षरतेच्या मोहिमा जिथे यशस्वी झाल्या, तिथे त्या शिकणाऱ्याच्या रोजच्या गरजेला चिकटूनच झाल्या.

तुरुंगात अक्षर उमलते, हे मराठी माणसाला सांगायला नको. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले. टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत गेले आणि साने गुरुजी ते उतरवून घेत गेले. त्यातून ‘गीता प्रवचने’ झाली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. नगर जिल्ह्याचा वाटा तर फार मोठा. नगरच्या किल्ल्यात १९४४ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी कधीच टपालात न पडलेली ती पत्रे लिहिली, जी पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून उर्दू गद्याचा मानदंड ठरली. विसापूरच्या तुरुंगात तिसाच्या दशकात सत्याग्रही डांबले गेले. गुजरातीचे थोर कवी उमाशंकर जोशी त्यांतलेच एक.

ही नावे अभिमानाने घेताना एक फरक विसरता येत नाही. ही माणसे शिकून आत गेली होती. त्यांना पुस्तके मिळाली, कागद मिळाला, ऐकणारे सोबती मिळाले. आज राहुरीच्या किंवा नेवाशाच्या कोठडीतल्या ऊसतोड मजुराच्या पोराकडे यांतले काहीच नसते. धुळ्याच्या त्या रविवारांतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांची रचना. आठवड्यातला ठरलेला दिवस, ठरलेला विषय, एक सांगणारा आणि एक लिहून घेणारा. एवढ्यावर तुरुंगाच्या आवारात विद्यापीठ उभे राहू शकते. आजच्या कारागृहांना एवढे तरी नक्कीच जमण्यासारखे आहे.

मोठ्या कारागृहांत चांगले काम सुरू आहे आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे राज्यातल्या मध्यवर्ती कारागृहांत आहेत. कैदी तिथून पदवीपर्यंत शिकतात. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कैद्याला शिक्षेत ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळते, आणि नागपूरच्या कारागृहातल्या अनेकांनी ती मिळवली आहे. पदवीच्या कागदावर तुरुंगाचे नाव नसते. सुटल्यानंतर नोकरी मागणाऱ्यासाठी ही बाब माफीच्या दिवसांइतकीच मोलाची आहे.

ब्राझीलने याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले. तिथे २०१२ पासून कैद्याने एक पुस्तक वाचून त्यावर स्वतःच्या शब्दांत टिपण लिहिले, तर शिक्षेतले चार दिवस कमी होतात. वर्षाला बारा पुस्तके, म्हणजे जास्तीत जास्त ४८ दिवस. टिपण तपासणारी समिती असते. नुसते पान उलटून चालत नाही. ज्याला पदवी झेपणार नाही, पण छोटी कादंबरी वाचून दोन पाने लिहिता येतील, अशा माणसाला हा मार्ग खुला होतो. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, तालुक्या-तालुक्यांत अनुदानित वाचनालये आहेत. तालुका वाचनालयाची एक पेटी दर महिन्याला दुय्यम कारागृहात जाणे हे कठीण काम नाही.

लिहिण्यावाचण्याच्या जोडीला हातात काम हवे. येरवडा, नाशिकरोड, नागपूर इथल्या कारखान्यांत सुतारकाम, हातमाग, शिवणकाम, चामडेकाम, लोहारकाम, बेकरी चालते. सरकारी कार्यालयांची टेबले-खुर्च्या तिथे बनतात. नाशिकरोडच्या कैद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती लोक आवर्जून घेतात. पण मोबदला? ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या वाढीनंतर कुशल कैद्याला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलाला ६७, अकुशलाला ५३ आणि खुल्या वसाहतीतल्या कैद्याला ९४ रुपये. सक्तमजुरीच्या कैद्याला न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितले आहे. आठवडी बाजारात एका दिवसाच्या भाजीलाही न पुरणारी ही रक्कम न्याय्य म्हणता येणार नाही. या पैशातून घरी मनिऑर्डर जाते, मुलांची फी भरली जाते. काम शिकवायचे आणि कामाची किंमत शिकवायची नाही, हे शिक्षण अर्धवट आहे.

एक चांगली सुरुवात मात्र झाली आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ पासून येरवड्यात ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. कैद्याला सात टक्के व्याजाने ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि ते त्याच्या कारागृहातल्या मजुरीतून फेडले जाते. ज्या माणसाला बाहेर कोणी दारात उभे करत नाही, त्याच्या श्रमावर एका बँकेने विश्वास टाकला. सहकाराच्या जिल्ह्याला याचे महत्त्व अधिक कळावे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्यांनीही पत नसलेल्या शेतकऱ्याच्या श्रमावरच भरवसा ठेवला होता.

शिकवायचे काम कोणते, हेही स्थानिक गरज पाहून ठरायला हवे. सुटलेल्या माणसाला नोकरी मिळणे अवघड असते. एमआयडीसीतल्या ठेकेदारापासून सुरक्षारक्षकाच्या कंपनीपर्यंत सगळीकडे पोलिसांची चारित्र्य पडताळणी आडवी येते. त्याला तगवते ते स्वतःच्या हाताचे काम. भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी, श्रीरामपूर या पट्ट्यात ऊस, डाळिंब, दूध आहे. इथे ठिबक जोडणारा, मोटार भरणारा, वेल्डिंग करणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, कलमे बांधणारा, गायींना कृत्रिम रेतन करणारा माणूस उपाशी राहत नाही. आणि हे शिकवणारी संस्था शेजारीच आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीत आहे. ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तिथलीच. विसापूरच्या खुल्या कारागृहात शेती होते. विद्यापीठाने तिथे नियमित प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवले आणि प्रमाणपत्र विद्यापीठाच्याच नावाने दिले, तर शिक्षा भोगणारा माणूस शिक्षित शेतकामगार किंवा छोटा उद्योजक म्हणून घरी येईल.

खुल्या कारागृहावरचा विश्वास महाराष्ट्राने फार पूर्वी कमावला आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासोबत राहायचे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ या प्रयोगावरून सुचला आणि गदिमांनी तो लिहिला. चित्रपटाला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. स्वतंत्रपूर आजही आहे. विश्वास टाकलेला माणूस पळून जात नाही, याचा पुरावा सांगली जिल्ह्यात आठ दशकांहून अधिक काळ उभा आहे.

तुरुंगातल्या कामाचा एक काळा पदरही बोलला पाहिजे. स्वयंपाक कोणी करायचा, झाडू कोणी मारायचा, संडास कोणी साफ करायचे, हे अनेक राज्यांच्या नियमपुस्तकांत जातीवरून ठरत होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणले आणि न्यायालयात दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि भटक्या-विमुक्तांना ‘सराईत’ समजण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. नगर जिल्ह्यात श्रीगोंदा, कर्जत, जामखेड भागांत पारधी वस्त्या आहेत. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या या समाजावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून गेला. लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. कारागृहात या समाजातल्या तरुणाला झाडूऐवजी पाना आणि पेन मिळणे ही न्यायालयाच्या निकालाची खरी अंमलबजावणी ठरेल.

तुरुंगातल्या शिक्षणावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो मनापासून येतो: कष्टकऱ्याच्या मुलाला फी भरून शिकावे लागते, मग गुन्हेगाराला फुकट शिक्षण कशासाठी? ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचे माणूस गेले, त्याच्या दुःखापुढे हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण बहुतेक कैद्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही, त्यांतले बरेच निर्दोष सुटणार आहेत. आणि दोषी ठरलेलेही एक दिवस सुटून त्याच गल्लीत, त्याच वेशीतून परत येणार आहेत. ते कसे परत यावेत, हा प्रश्न पीडिताच्याही हिताचा आहे. अमेरिकेतल्या रँड संस्थेने २०१३ मध्ये अनेक वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता न शिकलेल्यांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी आढळली. परिस्थिती तिथली असली, तरी ज्याच्या हाताला काम आहे त्याचे पाऊल घसरण्याचा धोका कमी होतो, हे आपल्याकडेही तितकेच खरे आहे.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून नेमके हेच काम करतो. त्याचे समाजकार्यकर्ते कच्च्या कैद्यांना भेटतात, त्यांच्या घरच्यांशी संपर्क जोडतात, वकिलापर्यंत पोचवतात आणि सुटल्यावर काम शिकण्याची जागा मिळवून देतात. तिहारमध्ये २०११ पासून कंपन्या कारागृहात येऊन सुटणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती घेऊ लागल्या. दोन्ही उदाहरणे महानगरांची आहेत. तालुक्याच्या कोठडीपर्यंत असा हात अजून पोचायचा आहे.

तो पोचवण्यासाठी काय लागेल? दुय्यम कारागृह तहसीलदारांच्या देखरेखीखाली असते, आणि तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्ष न्यायाधीश असतात. या दोघांनी ठरवले तर आठवड्यातून दोन दिवस दोन तासांचा वर्ग सुरू होऊ शकतो. मुक्त विद्यापीठाने कच्च्या कैद्यालाही झेपेल असा, मध्येच जामीन झाला तर बाहेर पुरा करता येईल असा छोटा अभ्यासक्रम द्यावा. तालुक्याच्या आयटीआयने दुरुस्तीचे प्राथमिक धडे द्यावेत. राज्य सरकारने कच्च्या कैद्याच्या स्वेच्छेच्या शिक्षणाची नोंद ठेवावी आणि पुढे शिक्षा लागली तर ती माफीत धरावी. मजुरीचे दर दरवर्षी महागाईशी जोडावेत. जिल्हा नियोजन समितीने पाटी, वह्या आणि शिक्षकाचे मानधन यांसाठी निधी वेगळा ठेवावा. जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात तो ओझे होणार नाही.

आणि एक काम सरकारचे नाही. देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा इथे जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेले शेकडो गुरुजी आणि बाई आहेत. पहिलीच्या वर्गातल्या मुलाचा हात धरून ‘ग’ गिरवायला शिकवण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांनी आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे, कोठडीत वर्ग घेण्याची तयारी लेखी कळवावी आणि परवानगीचा पाठपुरावा करावा. ज्या मुलांना शाळेने एकदा गमावले, त्यांना पुन्हा शिकवण्याची ही संधी आहे, आणि तिच्यासाठी पहिला अर्ज आता शिक्षकांनीच लिहावा.